ए नावाची होडी

मिरकरवाड्याच्या मच्छीमार सोसायटीत
बर्फाच्या गोदामाला लागून जी खोली,
तिथे तीन सर्व्हर, एक मी,
आणि स्विचमध्ये घर करून राहिलेल्या मुंग्या.
पगारपत्रकावर मी 'संगणक सहायक'.
वीज गेली की मात्र सगळ्यांना नफीसा आठवते.

जून-जुलै बंदी. होड्या वर ओढलेल्या,
झापांनी झाकलेल्या. डिझेलच्या पावत्या नाहीत.
म्हटलं, यंदा एक भाषा शिकायचीच.
किती वर्षं तेच ते हाताने करायचं?
लॉग भरले, पुसा. बॅकअप घ्या, तपासा.
सेक्रेटरी पासवर्ड विसरला, नवा द्या,
तोही विसरणार हे ठाऊक असून द्या.

पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, पायथन. दुसरं काही बघूच नको.
यूपीएस विकायला आलेला चिपळूणचा माणूस
न विचारता म्हणाला, पॉवरशेल.
आमच्याकडे विंडोज एकच, हिशेबनिसाच्या टेबलावर,
तरी म्हणाला.
आणि खडपेकाका, माझ्या आधीचे,
आता भाट्याला घरचे नारळ मोजतात,
फोनवर म्हणाले, पर्ल.
मग थोडं थांबून : पण आता कोण शिकतंय.

त्यांची पर्ल अजून चालते.
रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
सगळ्या होड्यांचं डिझेल जुळवते.
फाइल उघडली की वाटतं
जेवून उठल्यावर ताटात राहिलेले मासळीचे काटे.
मला वाचता आली ती फक्त पहिली ओळ,
रोमन अक्षरांतलं मराठी :
हात लावू नये.

पहिली भाषा निवडायची असते,
हेच मुळी मला नवीन.
घरात बोलतो ती आमची कोकणी
मला कुणी विचारून दिली नाही.
शाळेत मराठी, मदरशात अलिफ-बे,
लिलावात बोटांवरचे आकडे, जे पाढ्यांत नसतात.
सगळं अंगावर उडालेलं, खारं पाणी उडावं तसं.

मग शेलच धरली.
काळ्या पडद्यावर आठ वर्षं
तिचेच सुटे सुटे शब्द टाइप करत होते,
जुलैअखेर त्यांचं वाक्य केलं :
यादीतली प्रत्येक होडी घे,
तिच्या नावाने कोट्याची चिठ्ठी काढ.
सहा ओळी. चालल्या.
मी स्वतःसाठी चहा मागवला, स्पेशल.

एक ऑगस्टला सोलकर तांडेल खिडकीशी,
हातात तीन चिठ्ठ्या.
होडी त्याची एकच, 'नूर ए दर्या'.
एक चिठ्ठी नूरला. एक दर्याला.
आणि मधली, पूर्ण कोट्यासकट, नुसत्या 'ए'ला.
"एका होडीचं कर्ज फेडता फेडता म्हातारा झालो,
तू एका रात्रीत आणखी दोन दिल्यास," म्हणाला.
"नूर चालवीन, दर्या चालवीन.
ती ए कुठल्या जेट्टीला बांधलीय तेवढं सांग."
रांग हसली. सेक्रेटरी हसला नाही.

मोकळी जागा दिसली की शेल तिथे तोडते.
नावाच्या मधला श्वास तिला कळत नाही.
दोन्ही टोकांना अवतरणचिन्हं द्यायची, बस इतकंच.
इतक्यासाठी अठ्ठावीस होड्या फुटल्या माझ्या हातून,
जागच्या जागी, कोरड्या.

रात्री खडपेकाकांना सांगितलं. म्हणाले,
माझी एकशे चौदावी ओळ बघ.
बघितली. काट्यांच्या ढिगात बारीक शेरा :
नूर ए दर्या एकच आहे. मलाही तीन दिसल्या होत्या.

पायथन शिकेन, गणपतीनंतर.
आधी पर्ल, वाचण्यापुरती,
कुणाचं जुनं पत्र लागावं इतकीच.
माझ्या सहा ओळींच्या आता नऊ झाल्यात,
सर्वांत वर लिहिलंय :
हात लावा. पण आधी नावं मोठ्याने वाचा.

ती रद्द केलेली 'ए'ची चिठ्ठी
तांडेलने परत दिली नाही.
केबिनमध्ये सुकाणूच्या वर चिकटवलीय.
म्हणतो, आलीच कधी बंदरात,
तर तिचं डिझेल तयार असू दे.